दुहेरी कपात आणि दुहेरी कर

मॉरिशसमधील मराठी समाजाच्या इतिहासाचा आरंभ एका करारपत्राने झाला, ही गोष्ट या समाजाच्या स्मरणातून अद्याप गेलेली नाही. कोकणच्या खेड्यापाड्यांतून मुंबई बंदरात येऊन ज्यांनी त्या कागदावर अंगठा उठवला, त्यांना त्याची भाषा अवगत नव्हती. किती वर्षे काम करावयाचे, मजुरी किती मिळावयाची, त्यातून काय कापले जावयाचे, हे सारे त्या कागदात लिहिलेले होते. परंतु ते वाचणारा डोळा मजुराचा नव्हता. १८३४ पासून पुढील आठ-नऊ दशकांत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यांतील प्रत्येकाच्या नशिबाची दोरी अशाच एका कागदाला बांधलेली होती.

या मजुरांच्या हालअपेष्टांमध्ये एक गोष्ट विशेष कुप्रसिद्ध झाली. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची त्या दिवसाची मजुरी तर बुडेच, पण शिक्षा म्हणून आणखी एका दिवसाची मजुरी कापली जाई. हीच ती दुहेरी कपात. आजाऱ्याने अंथरूण धरले तरी मळ्याच्या वहीत त्याच्या नावापुढे दोन दिवसांची खूण पडे. पुढे १८६७ च्या कायद्याने, करार संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरांवरही छायाचित्रासह परवाना जवळ बाळगण्याची सक्ती आली. परवाना जवळ नसला की भटक्या म्हणून धरपकड होई. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या गृहस्थाच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला, पुढील वर्षी राजाज्ञेने चौकशी आयोग आला आणि १८७५ साली त्या आयोगाच्या अहवालाने या अन्यायाची नोंद केली. मजुराच्या कष्टाचे मोल बुडत होते, आणि त्याचा हिशेब मांडणारी वही कायम दुसऱ्याच्या हातात होती. या दोन गोष्टींना परस्परांपासून वेगळे करता येत नाही.

आज काळ पालटला आहे. त्याच मजुरांची पणतवंडे आता आपल्या खुषीने आणि आपल्या विद्येच्या बळावर समुद्र ओलांडतात. कोणी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे, कोणी फ्रान्समध्ये अभियंता आहे, कोणी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघर सांभाळतो, कोणी पुण्यात शिकून तेथेच नोकरीला राहतो, तर कोणी काट्र बोर्नच्या घरी बसून परदेशातील पेढीचे काम संगणकावर उरकतो. या साऱ्यांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहतो. मिळविलेल्या पगारावर आयकर घेण्याचा अधिकार कोणत्या सरकारचा? ज्या भूमीवर घाम गाळला त्या भूमीचा, की जेथे घर आणि माणसे आहेत त्या भूमीचा? पुष्कळदा दोन्ही सरकारे हात पुढे करतात आणि एकाच पगाराला दोन ठिकाणी कात्री लागते. जुन्या दुहेरी कपातीचे नाव अशा वेळी सहज ओठांवर येते.

तथापि नावाचे साम्य असले तरी दोन्ही गोष्टी एकच आहेत असे समजणे हा पूर्वजांच्या दुःखावर अन्याय होईल. त्यांना दाद मागण्याची वाट जवळजवळ नव्हती. आजच्या दुहेरी कराला मात्र कायद्याने उतारा दिलेला आहे. फक्त तो उतारा मागणाऱ्याला मिळतो, आणि मागणाऱ्याच्या हाती दिवसांचा हिशेब व कराच्या पावत्या असाव्या लागतात. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यासाठी तो उतारा असून नसल्यासारखा. म्हणूनच या विषयाकडे कारकुनी कटकट म्हणून न पाहता समाजाच्या शिक्षणाचा विषय म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

दुहेरी कर उत्पन्न होतो तो दोन निरनिराळ्या मापांमुळे. बहुतेक देश आपल्या रहिवाशाकडे त्याच्या सर्व मिळकतीचा हिशेब मागतात. आणि तेच देश आपल्या हद्दीत कमावलेल्या मिळकतीवर, कमावणारा परका असला तरी, कर आकारतात. पहिले माप माणसाच्या राहण्याचे, दुसरे मिळकतीच्या उगमाचे. जो मनुष्य एका देशाचा रहिवासी राहून दुसऱ्या देशात कमावतो, तो एकाच वेळी दोन्ही मापांत सापडतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. ही अडचण जुनी आहे. राष्ट्रसंघाने १९२० च्या दशकातच तिचा विचार आरंभून १९२८ साली करारांचे पहिले नमुने तयार केले होते.

यात भर पडते ती वर्षांच्या विसंगतीची. मॉरिशसचे आयकर वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. भारताचे १ एप्रिल ते ३१ मार्च. फ्रान्स आणि अमेरिका जानेवारी ते डिसेंबर हेच वर्ष धरतात. इंग्लंडचे वर्ष तर ६ एप्रिलपासून ५ एप्रिलपर्यंत चालते. १७५२ साली तेथील पंचांग सुधारताना अकरा दिवस गाळावे लागले, त्याचा हा अवशेष आहे. अशा स्थितीत एखादी परिचारिका १ फेब्रुवारीला मॉरिशस सोडून इंग्लंडला गेली असे समजावे. मॉरिशसच्या हिशेबाने जुलैपासून जानेवारीअखेर तिचे २१५ दिवस देशातच गेले. म्हणजे त्या वर्षापुरती ती निःसंशय मॉरिशसची रहिवासी. इंग्लंडच्या हिशेबाने मात्र फेब्रुवारी ते ५ एप्रिल असे ६४ दिवस एका वर्षात पडले आणि लगेच दुसरे वर्ष लागले. एकच प्रवास, एकच नोकरी. परंतु दोन देशांच्या वह्यांत त्याची तीन वर्षांवर वाटणी झाली. हे जिला आधी कोणी सांगितले नाही, तिला पहिल्या पगाराच्या चिठ्ठीचा अर्थ कसा लागावा?

इंग्लंडमध्ये करमुक्त मिळकतीची वार्षिक मर्यादा १२,५७० पौंडांची आहे, आणि मालक कर कापताना ही मर्यादा महिन्यांवर विभागून धरतो. साहजिकच वर्षाच्या मध्यावर नोकरी सोडून परतणाऱ्याचा कर पुष्कळदा गरजेपेक्षा अधिक कापला गेलेला असतो. हा जादा कर परत मागता येतो. ते कर वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत मागावा लागतो. नोकरी सोडताना मालक जो ‘पी-४५’ नावाचा कागद देतो आणि वर्षाअखेर ‘पी-६०’ नावाचा दुसरा देतो, तेच या मागणीचे आधार. परंतु सामान बांधण्याच्या घाईत हे कागद केराच्या टोपलीत जातात, आणि त्यांच्याबरोबर कित्येक आठवड्यांची कमाईही जाते. ती कोणी लुटलेली नसते. ती मागितलेली नसते, एवढेच.

मॉरिशसच्या कायद्यात रहिवासी कोणास म्हणावे, याच्या तीन कसोट्या आहेत. ज्याचे मूळ घर मॉरिशसमध्ये आहे आणि ज्याने अन्यत्र कायमचे बिऱ्हाड केलेले नाही, तो रहिवासी. आयकर वर्षात १८३ किंवा अधिक दिवस जो देशात राहिला, तोही रहिवासी. आणि चालू वर्ष व त्यामागची दोन वर्षे मिळून ज्याचे २७० दिवस भरतात, तोही रहिवासीच. या तिसऱ्या कसोटीकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. एखादा मनुष्य परदेशात नोकरी करतो आणि गणेशोत्सव, लग्नकार्य, आईबापांचे दुखणे अशा निमित्तांनी दरवर्षी एकंदर ९० दिवस घरी येऊन राहतो. तीन वर्षांचे तीन वेळा ९०, म्हणजे बरोबर २७० दिवस झाले. तो स्वतःला परदेशस्थ समजतो; कायदा त्याला घरचा समजतो. एका वर्षी एक आठवडा कमी राहिला असता तर या कसोटीतून तो सुटला असता. दिवस मोजणे म्हणजे चिक्कूपणा नव्हे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

रहिवासी ठरल्याने आभाळ कोसळते, असेही नाही. मॉरिशसमध्ये राहणाऱ्या व्यक्तीची परदेशातील मिळकत सामान्यतः ती देशात आणली जाते तेव्हा करास पात्र होते, आणि त्या मिळकतीवर परदेशात भरलेला कर येथील करातून वजा मिळतो. याचा हिशेब आकड्यांनी मांडला तर भीती पुष्कळ कमी होईल. १ जुलै २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे पहिल्या ५ लाख रुपयांवर कर नाही, पुढील ५ लाखांवर १० टक्के आणि त्यापुढील रकमेवर २० टक्के कर आहे. इतर कोणतीही सूट न धरता, १२ लाख रुपयांच्या मिळकतीवर ५० हजार अधिक ४० हजार, असा ९० हजार रुपये कर होतो. परदेशात त्याच मिळकतीवर १ लाख ८० हजार रुपये कर भरला असेल, तर येथे भरावयाचे काही उरत नाही. मात्र वरचे ९० हजार येथील सरकार परत देत नाही. परदेशात केवळ ४० हजार भरले असतील, तर येथे बाकीचे ५० हजार द्यावे लागतील. सारांश, दोहोंपैकी जो कर जड, तेवढा एकूण भार पडतो. दोन्ही करांची बेरीज पडत नाही. पण परदेशात कर भरल्याचा दाखला पुढे ठेवता आला नाही, तर वजावट कशाच्या आधारे मिळणार? मग मात्र ती बेरीज खरोखरच माथी बसते.

देशादेशांतील करार या कामी मोठे साह्य करतात. मॉरिशसने फ्रान्सशी १९८० साली, इंग्लंडशी १९८१ साली आणि भारताशी २४ ऑगस्ट १९८२ रोजी दुहेरी कर टाळण्याचा करार केला. भारताबरोबरच्या कराराचा गवगवा झाला तो मोठ्या भांडवलामुळे. मॉरिशसमार्गे भारतात पैसा गुंतविणाऱ्या कंपन्यांना समभागांच्या विक्रीवरील नफ्यावर भारतात कर पडत नसे. १० मे २०१६ रोजी या करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवरील नफ्यावर कर आकारण्याचा अधिकार भारताला मिळाला. या वादात वर्तमानपत्रांचे रकाने भरले, वकिलांनी वर्षानुवर्षे युक्तिवाद केले. पण त्याच करारात पगारदार माणसासाठीही एक कलम आहे, याची वार्ता किती घरांपर्यंत पोहोचली? कंपन्यांच्या दिमतीला हिशेबनिसांची फौज असते. परिचारिकेच्या व कारागिराच्या दिमतीला कोणी नसते.

त्या कलमाचा आशय समजण्यास कठीण नाही. पगारावर कर घेण्याचा पहिला हक्क जेथे काम केले त्या देशाचा. परंतु मॉरिशसचा रहिवासी मालकाच्या कामासाठी थोड्या मुदतीकरिता भारतात गेला, त्याचा तेथील मुक्काम त्या वर्षात १८३ दिवसांहून अधिक झाला नाही, पगार देणारा मालक भारताचा रहिवासी नाही, आणि पगाराचा बोजा त्या मालकाच्या भारतातील कायम कचेरीवर पडत नाही, तर त्या पगारावर कर फक्त मॉरिशसमध्ये द्यावयाचा. या सर्व अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. पुष्कळांच्या मनात १८३ हा आकडा तेवढा ठसलेला असतो आणि बाकीच्या अटी विसरल्या जातात. सहा महिन्यांच्या आत परतलो म्हणजे कर चुकला, असे मानणारा मनुष्य पगार भारतातील पेढीकडून घेत असेल, तर पहिल्या दिवसापासून तेथील करास पात्र असू शकतो. तसेच अशी सवलत मागताना मॉरिशसचा रहिवासी असल्याचा दाखला लागतो. तो मॉरिशस महसूल प्राधिकरण देते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो आपोआप घरी चालत येत नाही.

आणि दोन्ही देशांनी एकाच माणसाला आपला रहिवासी ठरविले तर? करार तेथे पायरीपायरीने निवाडा करतो. कायमचे घर कोणत्या देशात आहे, हे प्रथम पाहिले जाते. घरे दोन्हीकडे असतील, तर माणसाचे जिव्हाळ्याचे आणि पैशाचे संबंध कोणीकडे अधिक निकट आहेत, ते पाहावयाचे. तेवढ्याने न भागले तर नित्य वास्तव्य, मग नागरिकत्व, आणि अखेरीस दोन्ही सरकारांनी आपसांत बोलून ठरवावयाचे. स्थलांतरितांच्या वंशजांना या पायऱ्यांचे नवल वाटेल. ‘घर कोठे?’ हा प्रश्न त्यांच्या घरांत चार-पाच पिढ्या भावनेच्या भाषेत विचारला गेला. आता तोच प्रश्न सरकारी कचेरीत विचारला जातो आणि त्याचे उत्तर भाडेपावतीने, वीजबिलाने, मुलांच्या शाळेच्या दाखल्याने द्यावे लागते. मनाने मनुष्य एकाच वेळी कोकणचा, मॉरिशसचा आणि लंडनचाही असू शकेल. कराच्या वहीत त्याला एका ओळीत बसावे लागते.

ही गुंतागुंत देशांच्या सीमेवरच संपते असेही नाही. भारतात आयकर केंद्र सरकारचा. पण राज्यांना नोकरी-धंद्यावर वेगळा व्यवसाय कर घेता येतो. घटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे. महाराष्ट्रात हा कर आहे, दिल्लीत नाही. रक्कम मोठी नसली तरी पुण्यातून दिल्लीस बदली झालेल्या तरुणाला पगाराच्या चिठ्ठीतील एक ओळ अचानक नाहीशी झालेली दिसते, आणि कारण कळत नाही. अमेरिकेत तर हे अंतर फार मोठे आहे. तेथे संघराज्याचा आयकर सर्वत्र सारखा. त्याच्या जोडीला बहुतेक घटक राज्यांचा आपला आपला आयकर. टेक्सास व फ्लोरिडा पगारावर राज्याचा कर घेत नाहीत, न्यूयॉर्क घेते. इतकेच नव्हे, न्यूयॉर्कमधील मालकाचा नोकर आपल्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातील घरी बसून काम करू लागला, तरी त्या दिवसांचा पगार न्यूयॉर्कचाच मानण्याचा त्या राज्याचा नियम आहे. शिवाय अमेरिकेचा मॉरिशसशी दुहेरी कर टाळण्याचा करार नाही. अमेरिकेस निघालेल्याने ‘इंग्लंडला गेलेल्या भावाने असेच केले होते’ या आधारावर विसंबून राहू नये. प्रत्येक वाटेचे नियम निराळे आहेत.

घरी बसून परदेशाचे काम करणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढत आहे, आणि याच वर्गात एक अपसमज खोल रुजला आहे. पैसा पॅरिसहून येतो, मालक कर कापत नाही, तेव्हा कर लागतच नाही, असे पुष्कळ जण समजतात. वस्तुतः काम जेथे बसून केले तेथे मिळकतीचा उगम मानला जातो. काट्र बोर्नच्या टेबलावर केलेले काम मॉरिशसमध्येच केलेले असते, मग पैसे कोणत्याही बँकेत जमा होवोत. मालकाने कर कापला नाही याचा अर्थ एवढाच की कर भरण्याची जबाबदारी कामगाराच्या स्वतःच्या शिरावर आली. दोन-तीन वर्षांनी ती थकबाकी दंडाव्याजासह पुढे आली म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होते.

यावर कोणी म्हणेल, की इतके कोण पाहतो? आता पाहिले जाते. बँकांतील खात्यांची माहिती देशादेशांत परस्पर कळविण्याच्या व्यवस्थेत मॉरिशस २०१८ पासून सामील आहे, आणि अमेरिकेशी त्याने २०१३ सालीच वेगळा करार केला आहे. बँकेत खाते उघडताना ‘कर-रहिवासी कोणत्या देशाचे?’ असा जो प्रश्न छापील कागदावर असतो, तो याच कारणासाठी. तेथे न वाचता सही करणारा मनुष्य सुशिक्षित असला, तरी त्या क्षणी त्याची अवस्था मुंबई बंदरात अंगठा उठविणाऱ्या पूर्वजाहून फारशी वेगळी नसते. पूर्वजाला वाचता येत नव्हते म्हणून तो बांधला गेला. ज्याला वाचता येते त्याने न वाचता बांधून घ्यावे, याला काय म्हणावे?

परंतु पकडले जाण्याची भीती हे कर भरण्याचे हलके कारण झाले. दुसरे कारण त्याहून वजनदार आहे. मॉरिशसमध्ये १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य आहे. आज जी मुले परदेशांत मानाच्या जागा भूषवीत आहेत, त्यांच्या आईबापांपैकी पुष्कळांना शाळेची दारे त्यामुळेच उघडली गेली; ऊसमळ्यातल्या मजुरीतून फी भरणे त्यांच्या घरांना झेपले नसते. तो पैसा कोणाच्या तरी करातून आला होता. ज्या देशात काम केले त्या देशाच्या रस्त्यांचा, इस्पितळांचा उपयोगही कामगार घेतच असतो. म्हणून स्वाभिमानी माणसाची भूमिका अशी असावी की, कर एकदा द्यावा, पुरा द्यावा; दोनदा देऊ नये, आणि बुडवूही नये. दोनदा देणे हे अज्ञान, बुडविणे हा अप्रामाणिकपणा. स्वतंत्र माणसाला दोन्ही शोभत नाहीत.

अर्थात सारा दोष कामगाराच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. परदेशी पाठविणारे मध्यस्थ करारात एकच ठोकळ रक्कम दाखवितात. ती कर कापण्यापूर्वीची की कापल्यानंतरची, हे स्पष्ट करीत नाहीत. सरकारी कचेऱ्यांचे नमुने अशा भाषेत लिहिलेले असतात की पदवीधरालाही त्यांचा अर्थ लावताना घाम फुटावा. निघणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, तो जात असलेल्या देशापुरते का होईना, दोन पानांचे सोपे माहितीपत्रक देणे सरकारला अशक्य नाही. आपल्या तरुणांच्या परदेशी कमाईचा देशाला अभिमान असेल, तर ती कमाई दोन ठिकाणी कापली जाऊ नये याची काळजीही देशाने वाहिली पाहिजे. समाजाच्या संस्थांनी ही मागणी एकमुखाने करावी, हे उचित होय.

मात्र सरकार जागे होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. सांस्कृतिक मंडळांचा आणि आयकराचा संबंध काय, अशी शंका काहींना येईल. परंतु या बेटावरील बैठकांचा इतिहास पाहावा. दिवसभर मळ्यात राबलेली माणसे संध्याकाळी एकत्र जमली, तेव्हा तेथे भजने झाली, मुलांना अक्षरओळख झाली आणि अर्जही लिहिले गेले. ज्याला लिहिता येई तो ज्याला येत नसे त्याचा कागद वाचून देई. तेव्हाचा कागद परवान्याचा होता, आजचा कराचा आहे. कागद वाचून देण्याचा तो धर्म मंडळांनी का सोडावा? समाजात निवृत्त हिशेबनीस आहेत, शिक्षक आहेत, कचेऱ्यांतून आयुष्य घालविलेले अनुभवी लोक आहेत. मॉरिशसचे आयकर वर्ष जूनअखेर संपते, विवरणपत्रे भरण्याची मुदत सामान्यतः ऑक्टोबरमध्ये संपते, आणि गणेशोत्सव नेमका या दोहोंच्या मध्ये येतो. परदेशी गेलेली पुष्कळ मुले त्याच सुमारास घरी येतात. उत्सवाच्या दिवसांतील एक संध्याकाळ जरी मंडळांनी या कामासाठी राखून ठेवली, तरी कित्येक कुटुंबांचा घाटा टळेल.

प्रत्येक घराने करावयाच्या गोष्टी तर अगदी थोड्या आहेत. परदेशी जाणाऱ्याने एक साधी वही ठेवावी आणि तीत प्रत्येक देशात येण्याच्या व जाण्याच्या तारखा लिहाव्यात. विमानाची तिकिटे, नोकरीचा करार, पगाराच्या चिठ्ठ्या, कर कापल्याचे दाखले आणि घरी पाठविलेल्या पैशांच्या पावत्या एका पाकिटात राखाव्यात आणि त्यांच्या नकला मॉरिशसच्या घरीही ठेवाव्यात. करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: पगार कापण्यापूर्वीचा की नंतरचा, कर कोण व कोणत्या देशात भरणार, आणि नोकरी मध्येच सुटली तर कोणता दाखला मिळणार. रक्कम मोठी असेल, किंवा घर एका देशात आणि नोकरी दुसऱ्या देशात असेल, तर जाणत्या हिशेबनिसास फी देऊन विचारावे. ऐकीव माहितीवर केलेली काटकसर अखेर महागच पडते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांची जुनी दप्तरे जतन केलेली आहेत. तेथे जाऊन आपल्या पूर्वजाचे नाव, त्याचा क्रमांक, त्याचे गाव, क्वचित त्याचे छायाचित्र शोधून काढणारे वंशज सद्गदित होतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या दप्तरांकडे पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. ती लिहिली सरकारने, राखली सरकारने, आणि सरकारच्या सोयीसाठी. त्या मजुराने स्वतःच्या दिवसांची, स्वतःच्या मजुरीची लिहिलेली वही कोठेही सापडत नाही, कारण ती वही लिहिण्याचे साधन त्याला कोणी दिले नव्हते. आज लेखणीही आहे, अक्षरही आहे आणि कायद्याचा आधारही आहे. आपल्या कष्टाचा हिशेब आपल्या हाताने लिहिणे हे पूर्वजांना न लाभलेले स्वातंत्र्य होय. ते वापरल्यावाचून पडू देणे, एवढा करंटेपणा या समाजाने करू नये.